नकलेचे इमान

मराठीत ‘खरे’ आणि ‘खोटे’ हे शब्द आपण माणसांना लावतो, तसेच वस्तूंनाही लावतो. खोटा साक्षीदार, खोटा रुपया, खोटे मोती, खोटी जर, अशी ही यादी सहज वाढते. खोट्या साक्षीदाराला दोष देणे समजण्यासारखे आहे. खरे बोलण्याची वाट त्याच्यापुढे मोकळी होती आणि ती त्याने सोडली. पण मोत्याने कोणती वाट सोडली? तो आपल्या जागी गप्प असतो. त्याच्याविषयी जे काही बोलले जाते ते विकणारा बोलतो, घेणारा बोलतो, लेणारी बोलते. असे असूनही ‘खोटे’पणाचा डाग आपण मोत्यावरच ठेवतो. दुसऱ्याच्या रूपासारखे रूप घेणे हाच अपराध मानायचा काय, आणि नसेल तर अपराध नेमका कोठे सुरू होतो, हा प्रश्न प्रस्तुत लेखात तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. प्रश्न दिसतो तितका पुस्तकी नाही. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहून मराठी म्हणवणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना तो केव्हा ना केव्हा स्वतःविषयीच विचारावा लागतो.

बुऱ्हाणपूरच्या परिसराला खऱ्याखोट्याचा हा व्यवहार जुन्या परिचयाचा आहे. सतराव्या शतकात येथून गेलेला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए ह्याने येथील तलम कापडाचे आणि त्यात विणलेल्या सोन्यारुप्याच्या तारांचे वर्णन केले आहे. हा माल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, एवढेच नव्हे तर रशिया आणि पोलंडपर्यंत जात असे. त्या काळापासून नावाजलेली येथील जर ‘खरी’ केव्हा म्हणायची? चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ पत्रा चढवून, पोलादी पट्टीतील लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ती ओढून केसासारखी तार करायची, ती चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची, म्हणजे खरा कलाबतू झाला. तांब्याच्या तारेवर मुलामा दिला की तो खोटा. बारकाईने पाहिले तर खऱ्या जरीतही सोने वरचेच असते, आत चांदी असते. तरी तिला कोणी खोटी म्हणत नाही, कारण ती काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असते, आणि धातूची शुद्धता पारखण्याची व्यवस्था राज्यकर्त्यांनी आपल्या देखरेखीखाली ठेवलेली असे. तेव्हा खरेपणा हा केवळ पदार्थाचा गुण नव्हे. पदार्थ आणि त्याविषयीचे बोलणे ह्यांच्या मेळाचा तो गुण आहे, एवढे आपल्या गावच्या जरीने आपल्याला आधीच शिकवून ठेवले आहे.

जरीहूनही हा विचार काचेत अधिक स्वच्छ दिसतो. जुन्या मराठी घरांतून गणपतीच्या आराशीत टांगल्या जाणाऱ्या हंड्या, झुंबरांचे लोलक, कपाटात जपून ठेवलेली लाल-पांढरी गुलाबदाणी, अशा वस्तू आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. परदेशी काच म्हणजे ‘बेल्जमची’ असे सरसकट म्हणण्याची आपल्याकडे रीत पडून गेली. वस्तुतः एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या बाजारात ज्या मुलखांची शोभेची काच उतरली, त्यांत बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिमेकडील भागाचा, वाटा मोठा होता. बोहेमिया त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असल्यामुळे मालाच्या नोंदी ऑस्ट्रियाच्या नावे होत. करणारा एक, नाव दुसऱ्या देशाचे, आणि घरात ओळख तिसऱ्याच देशाची, अशी ह्या काचेची गत झाली. आमच्या प्रश्नासाठी ह्या काचेची निवड आम्ही केली ती केवळ तिच्या सौंदर्यासाठी नव्हे. ती नकलेतून जन्माला आली, नकलेवर वाढली, आणि तरीही जगात अस्सल म्हणून मान पावली, म्हणून केली.

बोहेमियाच्या काचेला आपण ‘क्रिस्टल’ म्हणतो. मराठीत ह्यासाठी जुना शब्द ‘बिलोरी’. फारसी ‘बिल्लूर’ म्हणजे स्फटिक, आणि स्फटिकासारखी ती बिलोरी काच. व्युत्पत्तिशास्त्रज्ञ ह्या शब्दाची वाट आणखी मागे नेतात: संस्कृत ‘वैडूर्य’, त्याचे प्राकृत ‘वेलुरिय’, त्यावरून ग्रीकांचे ‘बेरिल्लोस’, आणि तेथून फिरत फिरत अरबी-फारसीतला हा शब्द. आपल्याच देशातून निघालेला शब्द इतक्या भाषांची घरे पाहून परत आला आणि मराठीत मुरला. त्याला आज कोणी उपरा म्हणत नाही. मात्र अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर स्फटिक हे नाव काचेला शोभत नाही. स्फटिकात अणूंची मांडणी ओळीने, नेमाने झालेली असते. काच ही वितळून थंड होताना त्या नेमात न बसलेली, विस्कळीत राहिलेली सामग्री आहे. तेव्हा ‘क्रिस्टल’ हे नावच उसने आहे, आणि उसनवारीची ही कथा प्रागपासून सुरू होते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसरा रुडॉल्फ ह्याने आपला दरबार प्रागला थाटला होता. रत्ने व स्फटिक कोरणारे कारागीर त्याने दूरदूरहून आणवले. मिलानचे मिसेरोनी घराणे त्यांतलेच. नैसर्गिक स्फटिकाचा खडक फोडून त्यातून पेले कोरणे हे राजेरजवाड्यांनाच परवडणारे काम. त्याच दरबारी कास्पर लेहमान नावाचा रत्नकोरक होता. दगडावर चालणारे आपले फिरते चाक त्याने काचेवर चालवले. तांब्याच्या लहान चकत्या, त्यांवर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड, आणि चकतीखाली हातात धरलेला पेला, अशी ही कोरणीची रीत. १६०५ सालचा त्याने कोरलेला पेला प्रागच्या कलावस्तू संग्रहालयात आहे. १६०९ मध्ये सम्राटाने त्याला काच कोरण्याचा विशेषाधिकार दिला. आपल्याकडे अकबराने असीरगड घेतला तो १६०१ मध्ये. काळाचा अंदाज यावा म्हणून हे सांगितले. लेहमानने केले ते सरळसरळ अनुकरण होते. स्फटिकाचे रूप, स्फटिकाचे हत्यार, स्फटिकाची कला, आणि पदार्थ मात्र वाळू वितळवून केलेला.

तथापि ह्या अनुकरणात एक अडचण निघाली, आणि त्या अडचणीनेच पुढची कथा घडवली. त्या काळी युरोपात उत्तम काच म्हणजे व्हेनिसची. व्हेनिसवाले समुद्रकाठच्या वनस्पतींच्या राखेतला सोडा वापरत. त्यामुळे त्यांची काच दीर्घ वेळ मऊ राही, फुंकून तिचे पातळ, नाजूक आकार काढता येत, पण चाकाखाली ती टिकत नसे. बोहेमिया समुद्रापासून दूर. तेथे होती बीचची घनदाट जंगले, आणि लाकडाच्या राखेतून निघणारा पोटॅश. त्या काचेला ‘रानकाच’ म्हणत. ती हिरवट असे. सतराव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत मिखाएल म्युलर आदी भट्टीवाल्यांनी पोटॅशच्या काचेत खडूचा चुना मिसळून तिचे रूप पालटले. ती स्वच्छ झाली, जाड झाली, कठीण झाली. फुंकून तिला व्हेनिसचा नाजूकपणा आणता येत नव्हता. पण खोल कोरणी, उठावाची कोरणी, पैलू पाडणे ही कामे तिच्यावर अशी उतरू लागली की व्हेनिसची काच मागे पडली. त्याच सुमारास इंग्लंडात शिसे घातलेली काच निघाली. तिचे तेज निराळे. बोहेमियाने आपली पोटॅशची वाट सोडली नाही. कार्लोव्ही व्हारी येथील मोझरचा कारखाना आजही शिशाविना कठीण काच करतो, कारण कोरणीला तीच मानवते.

येथे आमच्या मते पहिला बोध आहे. बोहेमियाच्या कारागिराने स्फटिकाची नक्कल करायला घेतली, व्हेनिसचीही केली. पण त्याच्या हातातली सामग्री त्याच्या रानातली होती, आणि ज्या क्षणी त्याने त्या सामग्रीचे म्हणणे ऐकले त्या क्षणी नक्कल त्याची स्वतःची झाली. मूळ वस्तूशी इमान राखावे की आपल्या मातीशी, असा प्रश्न त्याला पडला असेल काय? बहुधा नसेल. चाकाखाली जे तुटते ते सोडायचे, जे टिकते ते धरायचे, एवढाच त्याचा धर्म होता. पण त्या धर्माने त्याला अशा जागी नेले की पुढे इतरांनी त्याची नक्कल केली.

एकोणिसाव्या शतकात ही कथा अधिक धीट होते. दक्षिण बोहेमियात काउंट बुकॉय ह्याच्या भट्ट्यांतून १८१७ च्या सुमारास काळीभोर, अपारदर्शक काच निघाली. इंग्लंडच्या वेजवुडने काळ्या बसाल्ट दगडासारखी भांडी केली होती. त्या भांड्यांची ही काचेतली आवृत्ती. उत्तर बोहेमियात फ्रीड्रिख एगरमान (१७७७–१८६४) ह्याने अकीक, यशब अशा पट्टेदार दगडांचे रूप काचेत उतरवले. आता ह्या दोघांनी आपल्या मालाला दिलेली नावे पाहावीत. बुकॉयने म्हटले ‘हायालिथ’: ग्रीक ‘हायालोस’ म्हणजे काच, ‘लिथोस’ म्हणजे दगड. मराठीत सांगायचे तर ‘काचदगड’. एगरमानचे नाव होते ‘लिथ्यालिन’. शब्दांची जागा बदललेली, अर्थ तोच. रूप दगडाचे घेतले, पण नाव घेताना काच हा शब्द लपवला नाही. एगरमानने आपल्या कृतीसाठी राजाकडून विशेषाधिकार मिळवला तो ह्या नव्या नावावर. अकीक म्हणून त्याने ती विकली नाही.

त्याच एगरमानने आणखी एक युक्ती सिद्ध केली. माणकासारखी लाल काच त्यापूर्वी सोने घालून करत, आणि ती महाग पडे. एगरमानने तांब्याच्या साहाय्याने साध्या काचेच्या पृष्ठभागावर लाल रंगाची पातळ साय चढवण्याची कृती १८३० च्या दशकात बसवली; चांदीच्या साहाय्याने पिवळी साय त्याने आधीच साधली होती. आता ही लाल साय घेऊन फसवणूक करणे किती सोपे होते! पण बोहेमियाच्या कारागिरांनी तिच्यावर चाक चालवले. साय कापली गेली की खालची पांढरी काच उघडी पडे, आणि लाल पार्श्वभूमीवर पांढरे हरीण, पांढरा किल्ला, पांढरी वेल उमटे. दोन-तीन रंगांच्या काचेचे थर एकमेकांवर चढवून मग खिडक्या कापाव्या तसे पैलू कापण्याची रीतही ह्याच तत्त्वाची. आपल्या कपाटातील जुनी लाल गुलाबदाणी कधी हातात घेतली तर हे सहज ध्यानात येईल. तिचे सौंदर्य तिच्या कबुलीजबाबात आहे. रंग वरवरचा आहे, आत मी साधी काच आहे, हे ती स्वतःच्या अंगावर कोरून सांगते. खऱ्या माणकाला जे जमत नाही ते तिला जमते. कारण माणूक आत-बाहेर लालच असते, त्याला उघड करण्यासारखे काही उरलेलेच नसते.

ह्यावरून अनुकरण आणि असत्य ह्यांच्यातील रेषा काहीशी स्पष्ट होते. अनुकरण रूपाचे असते. असत्य विधानाचे असते. काच जेव्हा म्हणते, ‘मी स्फटिकासारखी आहे’, तेव्हा ती उपमा देते. उपमेने कोणी फसत नाही. उपमेत ‘सारखा’ हा शब्द जिवंत असतो. तो शब्द गाळून काच जेव्हा म्हणते, ‘मी स्फटिक आहे’, तेव्हा तेथे अपराध सुरू होतो. आणि काच बोलत नसल्यामुळे तो अपराध बोलणाऱ्याचा असतो.

इतके सोपे असते तर लेख येथेच संपवता आला असता. पण ह्यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तोही बोहेमियातूनच. उत्तरेकडील याब्लोनेत्स हे गाव काचेचे मणी, बटणे आणि काचेची रत्ने ह्यांसाठी जगभर ओळखले जाऊ लागले. तेथील घराघरांतून काचेच्या कांड्या तापवून साच्यात दाबल्या जात, पैलू पाडले जात, आणि पाचू, माणूक, पुष्कराज ह्यांची लाखो भावंडे पेट्यांत भरून परदेशी जात. हिंदुस्थान हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्याकडे येणाऱ्या काचेच्या परदेशी बांगड्यांत ऑस्ट्रिया-हंगेरीचा माल अग्रभागी होता. युद्धानंतर जपान आणि नवा चेकोस्लोव्हाकिया हे त्या जागी आले. कासाराच्या मांडीवरून आपल्या पणज्यांच्या हातात चढलेल्या कित्येक बांगड्या त्या थंड डोंगरी गावांतल्या असणार. करणाऱ्याने त्या काच म्हणूनच विकल्या. पण पेटी गाव सोडून गेली की करणाऱ्याचे इमान तिच्याबरोबर किती दूर जाते? चार हात बदलल्यावर काचेचा पाचू कोणा भोळ्या माणसाला खरा पाचू म्हणून विकला गेला, तर ज्याने तो इतका हुबेहूब केला त्याच्याकडे काहीच दोष जात नाही काय? शिवाय फसवणुकीवाचूनही हानी होते. स्वस्त, चकचकीत, एकसारखी बांगडी आली की गावठी भट्टीवर जाडीभरडी बांगडी करणाऱ्या काचाऱ्याचे पोट जाते. तेथे कोणी खोटे बोललेले नसते, तरीही एक खरी गोष्ट मरते.

आक्षेपाच्या पहिल्या भागाला उत्तर आहे, पण ते एकट्या करणाऱ्याच्या हातचे नाही. वस्तू आयुष्यभर गप्प राहणार आणि माणसे बदलत जाणार, म्हणून तिच्याविषयीचे सत्य सांभाळण्याचे काम समाजाला करावे लागते. बुऱ्हाणपुरात धातूची पारख राज्यकर्त्यांच्या देखरेखीखाली ठेवली गेली ती ह्याच कारणाने. युरोपने १९६९ मध्ये काचेसाठी असाच नियम केला: शिशाचा अंश निदान ३० टक्के असेल तर एक नाव, २४ टक्के असेल तर दुसरे, त्याहून कमी असेल तर तिसरे. नियमाने कोणतीही काच करण्यास बंदी केली नाही; नावापुरता निर्बंध घातला. अनुकरणाला मोकळीक आणि नावाला शिस्त, हा शहाणपणाचा तोडगा आहे. करणाऱ्याकडे मात्र इतका दोष राहतोच की, फसवणुकीसाठीच घेतली जात आहे हे ठाऊक असूनही जो माल पुरवतो, त्याला ‘मी तर काच म्हणूनच विकली’ ह्या वाक्यामागे लपता येत नाही.

दुसऱ्या भागाचे उत्तर महाराष्ट्राने एका वेगळ्या वाटेने शोधले. स्वदेशीच्या चळवळीत विलायती कापड, साखर आणि बांगड्या वर्ज्य करा असे सांगितले गेले. पण नुसत्या वर्ज्य करण्याने हात रिकामा राहतो. अंताजी दामोदर काळे ह्यांनी माणशी एक पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठिंबा दिला, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. तो चालवण्यास आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे टोकियो येथे आणि पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आले होते. तळेगावात तयार झालेले कारागीर पुढे देशातील अनेक कारखान्यांत गेले. १९१६ मध्ये औंध संस्थानात कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील मराठी घरांत घरच्या माणसासारखा वावरला. आता विचारावे की, हे सारे स्वदेशी होते की अनुकरण? भट्टी परकी, विद्या परकी, कंदिलाचा घाटही मूळचा परका. तरीही त्याला नकली म्हणणारा मराठी माणूस आम्हांस भेटलेला नाही. आपण शिकलो कोणाकडून हे त्या पिढीने लपवले नाही, आणि शिकलेले आपल्या वाळूवर, आपल्या माणसांच्या गरजेवर उतरवून दाखवले. ऋण मान्य करून केलेले अनुकरण म्हणजेच शिक्षण. जगात दुसऱ्या कोणत्या रीतीने कोण काय शिकले आहे?

वस्तूंकडून आता माणसांकडे वळावयास हवे, कारण बोहेमियाच्या काचेचा इतिहासच तेथे वळतो. उत्तर बोहेमियातील काचकारागीर बहुसंख्येने जर्मन भाषिक होते. याब्लोनेत्सला ते गाब्लोन्त्स म्हणत. कित्येक पिढ्या त्याच डोंगरांत गेल्या. १९३८ मध्ये हा प्रदेश हिटलरच्या जर्मनीने गिळला. युद्ध संपल्यावर १९४५–४६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील सुमारे तीस लाख जर्मन भाषिकांना देश सोडावा लागला. त्यांतील गाब्लोन्त्सच्या कारागिरांनी बव्हेरियात कॉफबॉयरेन ह्या शहराजवळ नवी वस्ती उभारली आणि तिचे नाव ठेवले नॉयगाब्लोन्त्स, म्हणजे ‘नवे गाब्लोन्त्स’. तेथे त्यांनी तेच मणी, तीच काचेची रत्ने पुन्हा सुरू केली. इकडे जुन्या गावी राहिलेल्या व नव्याने आलेल्या चेक कारागिरांनी भट्ट्या विझू दिल्या नाहीत. कामेनित्स्की शेनोव्ह येथे १८५६ मध्ये निघालेली काचकलेची शाळा आजही आहे. मग अस्सल याब्लोनेत्सची काच कोणती? ज्यांच्याकडे गाव आहे त्यांची, की ज्यांच्याकडे हात आहे त्यांची? आम्हांस वाटते की ह्या प्रश्नाला एकच उत्तर मागणे हाच दुराग्रह आहे. २०२३ मध्ये हातकामाच्या काचकलेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यासाठी सहा देशांनी मिळून अर्ज केला होता, आणि त्यांत चेक प्रजासत्ताक व जर्मनी हे दोघेही होते. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांना घराबाहेर काढले, त्यांच्या नातवंडांनी एका कागदावर सह्या केल्या. अस्सलपणाची वाटणी करता येते, हे मान्य झाल्यावाचून असे घडत नाही.

आता आपल्याविषयी. उद्गीरनंतर १७६० मध्ये बुऱ्हाणपूर व असीरगड पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले, आणि १८६० च्या सुमारास बुऱ्हाणपूर इंग्रजांच्या अमलात गेले. ह्या उलाढालींत केव्हातरी, आणि पुढे शेतीच्या, नोकरीच्या, व्यापाराच्या निमित्ताने आपली घरे तापीच्या ह्या खोऱ्यात, खकनारच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी वसली. जुन्या मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्याने हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण येथे राहिलो, आणि कचेरीची भाषा एकटी हिंदी झाली. तेव्हापासून आपली मराठी घरात, देवघरात आणि लग्नपत्रिकेत राहिली. तिच्यात वऱ्हाडी मिसळली, खानदेशी मिसळली, निमाडी आणि हिंदी तर रोजचीच. ‘काय करून राहिलास?’ असे आपला मुलगा पुण्याच्या नातेवाइकांत विचारतो, तेव्हा हशा पिकतो. सून म्हणून तिकडे गेलेली मुलगी वर्षभरात आपले बोलणे बदलून येते आणि माहेरी आल्यावर आईला दुरुस्त करते. हे दुःख लहान वाटते, पण ज्याच्या घरी घडते त्याला ते लहान नसते. आईची भाषा ‘खोटी’ ठरवली जाते आणि आई ते मान्य करून गप्प बसते.

ह्यावर आपण दोन प्रकारे वागताना दिसतो. काही कुटुंबे पुण्याच्या भाषेची साय अंगावर चढवतात. पाहुणे आले की ती चमकते, पाहुणे गेले की आत हिंदी चालू असते. दुसरी काही कुटुंबे म्हणतात, आता आम्ही येथलेच, मराठीपण हे नुसते आडनावापुरते. आमच्या समजुतीने दोन्हींत नावाची शिस्त मोडते. पहिले म्हणतात, आम्ही तेच आहोत; दुसरे म्हणतात, आम्ही ते कधी नव्हतोच. बोहेमियाच्या भट्टीवाल्याने तिसरी गोष्ट केली. स्फटिकाचा ध्यास त्याने सोडला नाही, आणि राख मात्र आपल्याच रानाची वापरली. आपल्या मराठीत निमाडची राख आहे. तिच्यात कोकणचा किंवा पुण्याचा नाजूकपणा फुंकून आणता येणार नाही कदाचित. पण तिचा जो कठीणपणा आहे, दोन-तीन भाषांच्या चाकाखाली न तडकता टिकण्याचा, तो तिकडच्या मराठीला मिळवावा लागलेला नाही. चांगले मराठी पुस्तक वाचावे, शुद्ध लिहावे, मुलांना लिहावयास लावावे; हे अनुकरण म्हणजे शिक्षण आहे आणि ते आम्ही आग्रहाने सांगू. बोलताना मात्र आईच्या तोंडची क्रियापदे लपवू नयेत.

ह्या शिस्तीचा दुसरा पैलू आपल्याला तितकासा सुखद नाही, तरी तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. खकनारच्या मुलखात आपल्या कितीतरी आधीपासून कोरकू राहतात. आपण पुण्यापुढे ‘आम्हीही अस्सल’ म्हणून मान मागतो, आणि कोरकूपुढे आपणच या भूमीचे मूळ मालक असल्यासारखे बोलतो, तेव्हा दोन ठिकाणी दोन वेगळी नावे आपण लावत असतो. एकाच काचेला एका दुकानात स्फटिक आणि दुसऱ्या दुकानात पाचू म्हणणाऱ्या विक्रेत्याहून आपण मग वेगळे कसे? आपण वसाहतकरी आहोत, मागून आलेले आहोत, आणि आता येथले आहोत. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. तिन्ही एका दमात सांगता आली पाहिजेत, आणि ज्याच्यापुढे त्यांतले जे गैरसोयीचे असेल तेच आधी सांगता आले पाहिजे.

‘अस्सल’ हा शब्द अरबीतून आला; ‘नक्कल’ही तेथूनच. दोघेही बाहेरचे, दोघेही आता मराठी. मूळ शोधत गेले तर प्रत्येक अस्सलाच्या खाली कोणती तरी जुनी नक्कल सापडते, ह्याचे भय वाटण्याचे कारण नाही. भय बाळगावे ते एवढ्याच गोष्टीचे की, आपल्याला कोणी विचारले, ‘ही वस्तू काय आहे, तुम्ही कोण आहात?’ तर उत्तर देताना ‘सारखा’ हा लहानसा शब्द आपल्या तोंडून गळून जाऊ नये. तो शब्द शिल्लक आहे तोवर काचेला काच म्हणून मान आहे, आणि माणसालाही.